.३८ स्पेशलच्या रीलोडमध्ये पावडर अर्धवट जळते, सिलेंडर अडकतो: नवा डबा घेण्याआधी हे बघा

रीलोडिंग, म्हणजे मारून झालेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांत नवा प्रायमर (मागून ठिणगी देणारी छोटी टिकली), पावडर आणि गोळी भरणं, सुरू केलं की थोड्याच दिवसांत जवळपास प्रत्येकाची एकच तक्रार येते, की पावडर नीट जळतच नाही, पुंगळ्यांमधून पिवळट-हिरव्या पापड्या पडतात, बोटं काळी होतात, मधेच सिलेंडर जाम होतो, आणि त्याला जोडूनच पुढचा प्रश्न, "मग आता दुसरी कुठली पावडर घेऊ?" इकडे डॅलसच्या बाजूला आमचा रिव्हॉल्वरवाल्या मराठी लोकांचा एक छोटा ग्रुप आहे, त्यात नवीन माणसाला प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) लावून देणं आणि नंतर त्याची ही तक्रार निस्तरणं, दोन्ही कामं फिरून फिरून माझ्याकडेच येतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतोय.

माझं म्हणणं सोपं आहे. बहुतेक वेळा डबा दोषी नसतो. स्मोकलेस पावडर जेवढं प्रेशर जास्त तेवढी जोरात जळते, आणि तुमच्या काडतुसात ते प्रेशर तयारच होत नसतं. रॉकेलच्या स्टोव्हला पंप कमी मारला की ज्योत पिवळी होते आणि पातेलं काळं पडतं, तोच प्रकार. आता प्रेशर न होण्याची कारणं पावडर सोडूनही बरीच असतात आणि त्यातली अर्धी फुकटात सुटतात. पावडर बदलायची वेळ येतेही, पण ती यादीत खूप खाली आहे.

दोन गोष्टी आधीच. हे सगळं अमेरिकेतलं आहे. इथे स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची म्हटली की लागतं, राज्याचे नियम वेगळे असू शकतात ते बघून घ्या. एच-वन-बी किंवा तसल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर बंदूकच काय काडतूस बाळगायलाही फेडरल कायद्यात मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारूनच, मित्राच्या सांगण्यावर नको. भारतातल्या वाचकांसाठी, तिकडे काडतूस बनवणं शस्त्र कायदा, १९५९ खाली निर्मितीत मोडतं आणि त्याला वेगळा परवाना लागतो, रिव्हॉल्वरचं लायसन्स असलं म्हणजे घरी पुंगळ्या भरता येतात असं नाही.

दुसरं, मी इथे एकाही पावडरचं वजन देणार नाहीये. किती ग्रेन (पावडर तोलायचं छोटं माप) भरायची ते पावडर बनवणाऱ्याच्या किंवा बुलेट बनवणाऱ्याच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं, व्हॉट्सअपवर कुणी आकडा पाठवला असेल तर तो डिलीट करा.

लक्षणं कशी दिसतात

- पुंगळ्या बाहेर काढल्या की आतून न जळलेल्या पापड्या किंवा बारीक दाणे सांडतात, बॅरलमधेही दिसतात.
- पुंगळीच्या बाहेरच्या अंगाला, बऱ्याचदा एकाच बाजूला, तोंडापासून खाली काळा पट्टा.
- एक्स्ट्रॅक्टरच्या स्टारखाली (सिलेंडरच्या मागचा, पुंगळ्या बाहेर ढकलणारा चांदणीसारखा भाग) कण अडकतात, मग स्टार पूर्ण बसत नाही, पुढची काडतुसं केसभर वर राहतात आणि सिलेंडर बंद करताना किंवा फिरवताना घासतो.
- आवाज आणि झटका कधी कमी कधी जास्त, टार्गेटवर खालीवर पसरलेली भोकं.
- बार झाल्यावर नेहमीपेक्षा मोठा पिवळा-नारिंगी भडका.

यातली एक-दोन असतील तर पुढे वाचा. पण एखादा बार "फुस्स" वाजला, झटका जवळजवळ लागलाच नाही, किंवा टार्गेटवर भोकच दिसलं नाही, तर तिथेच थांबायचं. मझल, म्हणजे बॅरलचं पुढचं तोंड, सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, सिलेंडर उघडून सगळं रिकामं करा आणि बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का ते मागच्या बाजूने बघा. गोळी बॅरलमधे अडकलेली असताना मागून दुसरी मारली तर बॅरल फुगते किंवा फाटते. आणि रिव्हॉल्वरमधे हे जास्त धोक्याचं अशासाठी, की पिस्तुलात स्लाईड मागे आली नाही की माणूस आपोआप थांबतो, रिव्हॉल्वर मात्र ट्रिगर दाबला की निमूटपणे पुढचं काडतूस समोर आणून ठेवतं. अडकलेली गोळी ठोकून काढायची कधी सवय नसेल तर ते काम गनस्मिथकडे द्या, घरात लोखंडी सळई घालून ठोकाठोक नको.

१. आधी हे खरंच पावडरचं आहे का ते बघा (खर्च शून्य)

पांढऱ्या कागदावर सहा पुंगळ्या टपटप आपटा. पापड्या किंवा गोल दाणे पडले, त्यांचा आकार डब्यातल्या पावडरशी जुळला, तर ती न जळलेली पावडर. नुसती काजळी पडली तर ती वेगळी गोष्ट. शिशाच्या कास्ट गोळ्या वापरत असाल तर निम्मा धूर गोळीवरच्या ल्यूबचा (वंगणाचा) असतो, त्याला पावडर बदलून काही होत नाही, कोटेड गोळ्या वापरून बघा, धूर एकदम कमी होतो.

आणखी एक प्रकार, .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्वरमधे सतत .३८ स्पेशल मारणाऱ्यांचा. .३८ ची पुंगळी १.१५५ इंच, .३५७ ची १.२९०, त्यामुळे .३८ ची पुंगळी जिथे संपते तिथे चेंबरमधे (सिलेंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) काळी रिंग जमते आणि मग एखाद दिवशी .३५७ ची काडतुसं आत जाताना अडतात. लोकांना वाटतं पुंगळ्या नीट साईझ झाल्या नाहीत, म्हणजे डायमधे (साच्यात) दाबून मूळ मापाला आल्या नाहीत. चेंबरला ब्राँझ ब्रश आणि सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं घासा, बास.

२. स्टारखाली ब्रश, आणि पुंगळ्या काढायची पद्धत (खर्च एक जुना टूथब्रश)

सिलेंडर अडकतो म्हणून माझ्याकडे येणाऱ्या रिव्हॉल्वरमधे मी सगळ्यात आधी रिकामं आहे का ते बघतो आणि मग एक्स्ट्रॅक्टर रॉड दाबून धरून स्टारच्या खाली बघतो. तिथे, एखाद्या टोकाखाली, हटकून एक चपटी पापडी चिकटून बसलेली असते. जाडी नखाएवढी पण नाही, तरी ती एवढी पुरते, कारण पुंगळीची बैठक आणि मागची रिकॉइल प्लेट यांच्यात मोकळी जागा मुळात फार थोडी असते.

हे होतं कसं तर मझल जमिनीकडे करून हळूहळू रॉड दाबतात, मग सगळा चुरा पुंगळ्यांमधून सरळ स्टारखाली. मझल वर, रॉडवर तळव्याने एकच ठाम फटका, पुंगळ्या आणि चुरा दोन्ही खाली पडतात. तुमच्या रेंजवर मझल किती वर करू देतात ते मात्र रेंज ऑफिसरला विचारा, काही ठिकाणी चालत नाही. स्टारखाली तेल ओतू नका, कोरडं ठेवा, तेलाला कण जास्त चिकटतात. याने मूळ रोग बरा होत नाही हे खरं, पण सिलेंडर अडकणं लगेच थांबतं आणि उरलेलं शांतपणे बघता येतं.

३. डबा, हॉपर आणि वास

पावडर मूळ डब्यातच ठेवायची, हे सगळे सांगतात आणि निम्मे लोक पावडर मेजरच्या (ठरलेलं माप सोडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमधे, म्हणजे वरच्या नळीत, रात्रभर, आठवडाभर ठेवतात. डबल-बेस पावडर, म्हणजे जिच्यात नायट्रोसेल्युलोजबरोबर नायट्रोग्लिसरीनही असतं, ती प्लॅस्टिकच्या हॉपरला खाते, प्लॅस्टिक धुरकट होतं. शिवाय उघड्यावर राहिली की पावडरमधला ओलावा बदलतो आणि वेगही. सगळ्यात वाईट म्हणजे पुढच्या शनिवारी हॉपरमधे नक्की कुठली पावडर आहे ते आठवत नाही. आठवत नसेल तर ती फेकायची. डब्यात परत ओतायची नाही, "रंगावरून युनिकच वाटतेय" असं अजिबात नाही.

डबा उघडून वास घ्या. चांगल्या पावडरला हलकासा ईथरसारखा, सॉल्व्हंटचा वास असतो. आंबट, तिखट, नाकात जाणारा वास आला किंवा लालसर-तपकिरी धूळ अथवा धूर दिसला तर पावडर खराब होतेय, ती घरात ठेवू नका, विल्हेवाट कशी लावायची ते बनवणाऱ्या कंपनीला किंवा तुमच्या गावच्या फायर डिपार्टमेंटला विचारा.

४. ओल्या पुंगळ्या

हे हल्ली वाढलंय, कारण सगळ्यांनी स्टीलच्या पिनावाले वेट टंबलर (पुंगळ्या पाण्यात फिरवून धुणारी यंत्रं) घेतलेत. पुंगळ्या आरशासारख्या चमकतात, फोटो टाकायला छान, पण आतून कोरड्या व्हायला वेळ लागतो. वरून कोरडी दिसणारी पुंगळी आतून बुडाशी आणि प्रायमर बसतो त्या खाचेत ओली असते, पावडर बुडाशी गुठळी होऊन चिकटते आणि प्रायमरही मार खातो. चारदोन पुंगळ्यांत टिश्यूची सुरळी घालून फिरवा, ओल लागली तर अजून एक दिवस उन्हात किंवा फूड डिहायड्रेटरमधे, आणि तो डिहायड्रेटर परत जेवणासाठी वापरायचा नाही. एखादी पिन आत अडकून राहिली नाही ना तेही बघा. साईझिंगचं ल्यूब आत गेलं असेल तर तोच त्रास, कार्बाईड डाय असेल तर .३८ ला ल्यूब लावायची तशी गरजच नसते.

५. वजन खरंच तेवढं पडतंय का

इथे जरा थांबा, कारण हे दोन्हीकडून चावतं. कमी पडलं तर पापड्या उरतात आणि गोळी अडकू शकते, जास्त पडलं तर काय होतं ते सांगायला नको.

डिजिटल स्केल असेल तर आधी मोड बघा, ग्रेनवर आहे का ग्रॅमवर. एक पौंडात ७००० ग्रेन, एक ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन, म्हणजे मोड चुकला तर चूक थोडीथोडकी नाही. स्केल चालू करून थोडा वेळ गरम होऊ द्या, पंखा आणि एसी बंद करा, आणि चेक वेट ठेवून खात्री करा, सेशनच्या आधी आणि मधेमधे पण. चेक वेट नसेल तर घ्या, स्वस्त असतात.

मग पावडर मेजरमधून लागोपाठ दहा चार्ज काढा, प्रत्येकाचं वजन लिहा. बॉल पावडर म्हणजे गोल किंवा दाबलेल्या गोल दाण्यांची, ती पाण्यासारखी वाहते आणि दहाही आकडे जवळजवळ सारखे येतात. पापडीवाली, युनिकसारखी, हॉपरच्या गळ्यात आडवी बसते, पूल बांधते, मग एक चार्ज कमी आणि पुढचा जास्त. हँडल दरवेळी सारख्याच जोराने आणि सारख्याच वेगाने चालवायचं, हॉपर एक तृतीयांशाच्या खाली जाऊ द्यायचा नाही, यानेच बराच फरक पडतो. तरी आकडे नाचत असतील तर प्रत्येक चार्ज तोलून भरा. पन्नास काडतुसांना वेळ जाईल, जाऊ दे.

पावडर भरल्यावर गोळी बसवायच्या आधी सगळ्या पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमधे उभ्या ठेवून टॉर्चने वरून बघायच्या, सगळ्यांची पातळी सारखी हवी. ही सवय नसेल तर पुढचं वाचूच नका.

६. क्रिंप आणि पुंगळीची पकड: इथेच बहुतेक वेळा सापडतं

पावडर पेटते तेव्हा पहिल्या क्षणी गोळीने थोडा विरोध करायला हवा. गोळी पुंगळीत ढिली बसलेली असेल तर प्रेशर चढायच्या आधीच ती निघून जाते, मागे जागा वाढते, प्रेशर पडतं, उरलेली पावडर अर्धीच जळून बाहेर. लोक इथे क्रिंप, म्हणजे पुंगळीच्या तोंडाची कड गोळीवर दाबून वळवणं, वाढवतात. पण क्रिंप हा नंतरचा भाग आहे, आधी पुंगळीची पकड, म्हणजे साईझ केलेली पुंगळी गोळीपेक्षा किती लहान आहे ते.

टेस्ट सोपी. एक डमी बनवा, पावडर नाही, प्रायमर नाही, गोळी बसवा पण क्रिंप करू नका. कॅलिपरने पूर्ण लांबी मोजा. आता गोळीचं नाक वर्कबेंचच्या लाकडी कडेला टेकवून अंगठ्याने जोर लावून दाबा, दहापर्यंत मोजा, परत लांबी घ्या. जागची हलली नाही तर पकड ठीक आहे. आत सरकली तर क्रिंप कितीही मारलात तरी उपयोग नाही, उलट जास्त क्रिंपने पुंगळीचं पितळ मागे उडी घेतं, गोळी अजून ढिली होते, आणि शिशाची गोळी असेल तर चेपते ते वेगळंच.

पकड नसण्याची कारणं बघा. एक्सपांडर प्लग (पुंगळीचं तोंड रुंद करणारा खुंटा) जाड असणं, विशेषतः शिशाच्या गोळीसाठीचा प्लग जॅकेटेड गोळीला वापरणं. जॅकेटेड गोळी .३५७ इंच, कास्ट शिशाची साधारण .३५८, एवढ्याशा फरकाने पकड जाते. तोंड उघडताना घंटेसारखं फाकवणं. आणि दहा कंपन्यांच्या, पाच वेळा भरलेल्या मिसळ पुंगळ्या, काहींची भिंत पातळ. एका कंपनीच्या पुंगळ्या वेगळ्या काढून तेवढ्याच भरून बघा, बरेचदा निम्मा प्रॉब्लेम तिथेच जातो. लांबी वेगवेगळी असेल तर क्रिंपही प्रत्येकाला वेगळा बसतो, म्हणून एका बॅचच्या लांब्या मोजून सारख्या करा.

पकड ठीक झाली की मग रोल क्रिंप, गोळीवरच्या खाचेत, तोंडाची कड खाचेत वळलेली नुसत्या डोळ्याला दिसली पाहिजे. गोळी बसवणं आणि क्रिंप दोन वेगळ्या डायमधे करा, एकाच डायमधे केलं की क्रिंप होताना गोळी अजून आत जात असते आणि शिसं खरवडतं. हलक्या वजनाच्या छोट्या रिव्हॉल्वरमधे क्रिंप कमी असला तर उलटाही त्रास होतो, झटक्याने बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि सिलेंडरच्या बाहेर डोकावून तो फिरायचाच थांबतो.

७. प्रायमर आणि हॅमरची धडक

प्रायमर पुंगळीच्या बुडाच्या किंचित आत बसलेला हवा, बोट फिरवलं की खड्डा जाणवला पाहिजे. वर राहिला तर सिलेंडर घासतो, आणि पहिली धडक त्याला खाली बसवण्यातच जाते. फायर झालेल्या प्रायमरवरचा खड्डा उथळ दिसत असेल तर स्प्रिंग बघा. स्मिथ अँड वेसनच्या बऱ्याच रिव्हॉल्वरमधे ग्रिपच्या पुढच्या कडेला खाली मेनस्प्रिंगचा स्क्रू असतो, ट्रिगर हलका वाटावा म्हणून कुणीतरी तो सैल केलेला असतो. तो पूर्ण आवळलेला हवा. स्प्रिंगच कापलेली किंवा बदललेली निघाली तर पुढे खोलू नका, गनस्मिथ.

मॅग्नम प्रायमर टाकून बघू का, असं सगळे विचारतात. मॅन्युअलमधल्या त्या लोडला मॅग्नम प्रायमर सांगितला असेल तरच. प्रायमर बदलला की प्रेशर बदलतं, म्हणजे सुरुवात परत खालच्या चार्जपासून.

८. मॅन्युअलमधे तुम्ही कुठे उभे आहात

आता वही काढा. तुमचा चार्ज मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या आकड्यावर आहे की त्याच्याही खाली? टार्गेटला हलकं मारायचं म्हणून लोक आकडा खाली खाली नेतात. पावडर मध्यम गतीची असेल तर ती तिथे घाण करणारच, तो तिचा स्वभाव आहे. .३८ स्पेशलची सॅमीने (काडतुसांची मापं आणि प्रेशर ठरवणारी अमेरिकेतली संस्था) ठरवलेली मर्यादा १७,००० पीएसआय, प्लस-पीची, म्हणजे जास्त प्रेशरच्या .३८ ची, २०,०००, आणि .३५७ मॅग्नमची ३५,०००. म्हणजे .३८ मधे मुळात प्रेशर कमी, त्यात तुम्ही ते अजून कमी केलंत.

मॅन्युअलमधल्या दोन आकड्यांच्या मधे, अगदी लहान पायऱ्यांनी, प्रत्येक पायरीची चारसहा काडतुसं भरून वर जा आणि पुंगळीवरचा काळा पट्टा बघत राहा. पुंगळीचं तोंड फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसलं की मागे गॅस येत नाही आणि पट्टा फिकट होतो, कधी एका पायरीतच. कमाल आकड्याच्या वर जायचं नाही, पुंगळी कितीही स्वच्छ व्हायची राहिली असली तरी. रिव्हॉल्वर जुनं असेल, प्लस-पीसाठी आहे असं कंपनीने सांगितलेलं नसेल, तर साध्या .३८ च्याच तक्त्यात राहा.

९. क्रोनोग्राफ आणि पावडर कुठे पडलीय

इथून पुढे थोडा खर्च. क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, नसेल तर रेंजवर कुणाकडे तरी असतो, मागून घ्या.

.३८ स्पेशल आला १८९८ च्या सुमाराला, पुंगळीची लांबी ब्लॅक पावडरच्या हिशोबाने. आजची पावडर त्यात भरली की पुंगळी निम्म्याहून जास्त रिकामी राहते आणि पावडर आत इकडेतिकडे लोळत असते. प्रायमरजवळ असेल तर लगेच पेटते, गोळीकडे गेली असेल तर प्रायमरची आग आधी मोकळ्या जागेत जाते. बघायचं कसं, तर प्रत्येक बाराआधी मझल हळूच वर करून मग सपाट आणा, पावडर मागे, पाच बार. मग मझल खाली करून सपाट, पावडर पुढे, पाच बार. दोन्हींच्या सरासरी वेगात मोठी तफावत निघाली, आणि पुढे असताना पापड्याही जास्त पडल्या, तर मात्र तुमची पावडर या कामाला बरोबर नाही. इतक्या उशिरा का होईना, आता डबा बदलायला हरकत नाही.

१०. आता पावडर बदला

विचार करायचा तो काडतुसाचं प्रेशर, गोळीचं वजन आणि पुंगळीतली रिकामी जागा या तिघांचा. दुकानातला माणूस "ही सगळ्यात चालते" म्हणतो ती बऱ्याचदा कशातच धड नसते.

हलके ते मध्यम .३८ टार्गेट लोड असतील तर जलद पावडर. बुल्सआय, टाइटग्रुप, डब्ल्यू २३१. कमी प्रेशरला पण पूर्ण जळतात, डबा जास्त दिवस पुरतो. डब्ल्यू २३१ आणि एचपी ३८ ही एकच पावडर दोन लेबलखाली, त्यामुळे जी दुकानात असेल ती. मी नवीन माणसाला हीच सांगतो, बॉल प्रकारची असल्यामुळे मेजरमधून छान पडते. टाइटग्रुपचं पावडर पुढे-मागे पडण्याने फारसं बिघडत नाही, पण जागा इतकी कमी घेते की .३८ च्या पुंगळीत डबल चार्ज सहज मावतो आणि वरून कळतही नाही. बुल्सआयचंही तेच. जलद पावडरचा हा एकच मोठा तोटा, आणि तो रिव्हॉल्वरच्या फ्रेमची वरची पट्टी उडवण्याइतका मोठा आहे. म्हणून तो टॉर्च.

पुंगळी भरणारी, फुगीर पावडर हा त्यावरचा उपाय होता. ट्रेल बॉस, मधे भोक असलेल्या चकत्यांची, खास हलक्या शिशाच्या लोडसाठी. ऑस्ट्रेलियातून यायची, आता कित्येक वर्षं दुकानात दिसत नाही. कुणाकडे जुना डबा असेल तर नशीबवान.

मध्यम म्हणजे युनिक, १९०० पासून चालत आलेली. पूर्ण ताकदीच्या .३८ ला, मधल्या .३५७ ला उत्तम. हलक्या लोडला मात्र पापड्या ठेवते, या पोस्टच्या सुरुवातीला ज्या पिवळट-हिरव्या म्हटलं त्यातल्या पुष्कळशा हिच्याच. पावडर वाईट नाही, काम चुकीचं दिलेलं असतं.

हळू पावडर, २४००, एच ११०, डब्ल्यू २९६, या पूर्ण ताकदीच्या .३५७ आणि .४४ मॅग्नमसाठी. एच ११० आणि डब्ल्यू २९६ पण एकच. या दोघींचा चार्ज मनाने कमी करायचा नाही, पावडर कंपनी हॉजडनने ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नका असं बजावून ठेवलंय, कारण खाली गेलं की ती नीट पेटत नाही आणि गोळी बॅरलमधे राहते. घट्ट क्रिंप आणि मॅन्युअलमधे सांगितलेला मॅग्नम प्रायमर, याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. .३८ च्या हलक्या लोडमधे ती घालून "जळत नाही" म्हणणारे भेटतात, कशी जळेल.

दोन इंची बॅरल आहे म्हणून जलद पावडरच हवी, हे पण पूर्ण खरं नाही. भडका कमी दिसतो हे खरं, पण वेग मोजलात तर लांब बॅरलमधे जी पावडर पुढे असते तीच साधारण छोट्या बॅरलमधेही पुढे असते. रात्री भडक्याने डोळे दिपतात की नाही एवढ्यावर ठरवा.

बर्न रेटचा, म्हणजे कुठली पावडर किती जलद जळते त्याचा, तक्ता लोक भिंतीवर लावतात. तो फक्त क्रम सांगतो. शेजारच्या नावाचा चार्ज आपल्या पावडरला वापरायचा नाही, कधीच नाही. आणि नावं नीट वाचा, २३१ आणि २९६ एकाच कंपनीच्या लेबलवर, अंक तेवढे वेगळे, एक जलद आणि एक हळू, आणि २९६ चा चार्ज २३१ ने भरला तर रिव्हॉल्वर हातात फुटतं. टेबलावर एका वेळी एकच डबा. नवीन डबा त्याच पावडरचा पण वेगळ्या लॉटचा असेल तरी एक-दोन पायऱ्या खाली येऊन परत चढा.

११. एवढं करूनही होत असेल तर दोष बंदुकीचा, आणि ती दुरुस्ती तुमचं काम नाही

चांगल्या पुंगळ्या, तोललेला चार्ज, घट्ट पकड, बरोबर पावडर, आणि फॅक्टरीची काडतुसं मारली तरी काजळी आणि भडका तेवढाच. मग तुमच्या रीलोडिंगचा संबंध संपला. रिव्हॉल्वर रिकामं आहे हे दोनदा बघून सिलेंडर आणि बॅरलच्या मधली फट फीलर गेजने मोजा. ०.००४ ते ०.००८ इंच असेल तर निवांत राहा, ०.०१० च्या पुढे गेली तर गॅस तिथूनच निसटतोय. सिलेंडरच्या तोंडाची भोकं मोठी असतील तरी तेच, .३५८ ची शिशाची गोळी बोटाने हलकी ढकलून पार व्हायला हवी, आपोआप खाली पडत असेल तर भोक मोठं आहे. हे मोजण्यापुरतं तुम्ही करा, दुरुस्त करायला जाऊ नका. बॅरल मागे घेणं, फोर्सिंग कोन (बॅरलचं मागचं निमुळतं तोंड) कापणं, टायमिंग (सिलेंडर बॅरलसमोर नेमका येतो का ते) बघणं, याला हत्यारं लागतात आणि ती तुमच्या-माझ्या गॅरेजमधे नसतात.

गनस्मिथकडे लगेच जायचं ते या गोष्टींसाठी: अडकलेली गोळी, सिलेंडर बंद असताना पुढेमागे डुलणं, बाजूला शिशाचे कण उडून शेजारच्या लेनमधल्याला लागणं, प्रायमरवरचा खड्डा मधोमध नसणं, फ्रेमच्या वरच्या पट्टीला किंवा फोर्सिंग कोनला तडा. यातलं काहीही दिसलं की त्या रिव्हॉल्वरमधून पुढचा बार मारायचा नाही, फॅक्टरीच्या काडतुसाचा पण नाही. आणि बऱ्याच कंपन्या रीलोड काडतुसं वापरली की वॉरंटी देत नाहीत, ते आधी वाचून ठेवा.

जाताना रिव्हॉल्वर रिकामं, काडतुसं वेगळ्या पिशवीत. बरोबर मारलेल्या आठदहा मळक्या पुंगळ्या न पुसता न्या, पावडर-प्रायमर नसलेलं एक डमी, आणि वहीचं पान, पावडरचं नाव, लॉट नंबर, चार्ज, प्रायमर, गोळीचं वजन, पूर्ण लांबी. गनस्मिथ पुंगळीवरचा पट्टा आणि प्रायमरवरचा खड्डा बघून निम्मं तिथेच सांगतो, वही नसेल तर तो पण अंदाजच लावत बसणार आणि त्याचे तासाचे पैसे लागतात.